बगळे हाकलले तर माशांतले पिवळे जंत जातील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावात यंदा पकडलेल्या लहान मरळींच्या मांसात आणि कल्ल्यांच्या आसपास पिवळ्या गाठी निघाल्या. गाठ फोडली की आतून वळवळणारा चपटा जंत बाहेर येतो. काठावरच्या झाडांवर बगळे, वंचक आणि पाणकावळ्यांची मोठी वसाहत आहे. हा रोग पक्ष्यांनी आणला, असं मच्छीमार संस्थेतल्या काही जणांचं म्हणणं आहे आणि वसाहत उठवायचा ठराव मांडायची तयारी चालू आहे. शिंगाडे काढायला पाण्यात उतरणाऱ्यांच्या पायांना खाज सुटते, तेही पक्ष्यांच्याच माथी मारलं जातंय. विचारलंय ते असं: जंत पक्ष्यांचे आहेत का, त्याने पक्षी मरतात का, मासे खावेत का, आणि करायचं काय?

मी पशुवैद्यकातला परजीवीशास्त्राचा माणूस. पाणपक्ष्यांची शवविच्छेदनं आणि तलावांतल्या गोगलगायी तपासण्यात बरीच वर्षं गेली आहेत. आधी सरळ उत्तर देतो. होय, जंत पक्ष्यांचेच आहेत. तरीही वसाहत उठवून ते जाणार नाहीत, कारण जंतांचा कारखाना बगळ्याच्या पोटात चालत नाही, तो गोगलगायीत चालतो.

वर्णनावरून तुमच्या मरळीतला जंत बहुधा क्लायनोस्टोमम असावा. मासेपालनात त्याला 'पिवळी अळी' म्हणतात, पण ही कुठल्या किड्याची अळी नव्हे. हा पर्णकृमी आहे, म्हणजे मेंढ्यांच्या यकृतात सापडणाऱ्या चपट्या जंताचा भाऊबंद. मरळ कुळातल्या माशांत यूक्लायनोस्टोमम नावाचा त्याचा थोराड नातेवाईकही सापडतो आणि तो मूत्रपिंड, यकृतापर्यंत जातो. नुसत्या डोळ्यांनी दोघांत गल्लत होते, सूक्ष्मदर्शकाखाली होत नाही. तुमच्या निर्णयासाठी हा फरक महत्त्वाचा नाही. दोघांचंही जीवनचक्र गोगलगाय, मासा आणि बगळा याच वाटेने जातं.

ही वाट नीट पाहू. प्रौढ क्लायनोस्टोमम बगळ्याच्या आतड्यात राहत नाही. तो तोंडाच्या पोकळीत आणि अन्ननलिकेच्या वरच्या भागात पोटाकडच्या चूषकाने घट्ट चिकटून बसतो. ताज्या मेलेल्या वंचकाची चोच उघडली तर घशाशी हे जंत कधी कधी सहज दिसतात. जागा मोक्याची आहे. बगळा मासा पकडायला चोच पाण्यात घालतो तेव्हा जंताची अंडी थेट पाण्यात पडतात, विष्ठेची वाट बघावी लागत नाही. अंड्यातून केसाळ, पोहणारं पिल्लू निघतं, त्याला मिरासिडियम म्हणतात. त्याला तोंड असून नसल्यासारखं, खाणं काहीच नाही. साठवलेली ऊर्जा संपायच्या आत, म्हणजे काही तासांत, त्याला योग्य जातीची गोगलगाय सापडली पाहिजे. बहुतेकांना ती सापडत नाही आणि ती मरतात.

ज्याला सापडते त्याचं मात्र नशीब पालटतं. गोगलगायीच्या शरीरात शिरल्यावर तो केसाळ कोट टाकतो आणि स्पोरोसिस्ट नावाची पिशवी होतो. त्या पिशवीत रेडिया तयार होतात, रेडियांत आणखी रेडिया, आणि शेवटी सर्केरिया म्हणजे शेपटीची पिल्लं. हे सगळं नर-मादीच्या मिलनाशिवाय चालतं. एका अंड्यातून आलेल्या एका जिवापासून हजारो सर्केरिया निघतात आणि त्या सगळ्या जनुकीयदृष्ट्या एकमेकींच्या नकला असतात. गोगलगाय मरत नाही, पण तिच्या जननग्रंथी बऱ्याचदा निकामी होतात. तिची अंडी घालायची ताकद जंतांची पिल्लं वाढवण्याकडे वळते. अशी गोगलगाय आठवड्यांमागून आठवडे, रोज शेकड्यांनी सर्केरिया पाण्यात सोडत राहते.

सर्केरियाच्या शेपटीला टोकाशी दोन फाटे असतात. तीही काही खात नाही. साधारण दिवसभरात तिला मासा गाठायचा असतो. माशाच्या त्वचेतून आत शिरली की शेपूट गळते, भोवती कोश तयार होतो आणि आतला जंत वाढू लागतो. हीच तुमची पिवळी गाठ, मेटासर्केरिया. इथे क्लायनोस्टोममची एक खासियत आहे. इतर बरेच पर्णकृमी माशात सूक्ष्म राहतात आणि पक्ष्यात जाऊन वाढतात. हा माशातच बराचसा मोठा होऊन बसतो, काही मिलिमीटरपर्यंत, आणि मग थांबतो. महिनोन्महिने थांबतो, मासा जगला तर त्याहून जास्त. बगळ्याने मासा गिळला की कोश विरघळतो, जंत अन्ननलिकेतून वर सरकत घशाशी येतो आणि मोजक्या दिवसांत अंडी घालायला लागतो.

बगळ्याचा वाटा इथे किती, हे आता तुम्हीच ताडून बघा. बगळ्याच्या तोंडात एका जंताचा एकच जंत राहतो, संख्या वाढते ती गोगलगायीत. वसाहतीतले निम्मे पक्षी उठवले तरी उरलेले पक्षी आणि दुसऱ्या तलावांवरून चरायला येणारे बगळे अंडी टाकतच राहतील, आणि एखाद्या मिरासिडियमला गोगलगाय सापडली की पुरे. शिवाय ज्या गोगलगायी आज संसर्गित आहेत त्या उद्या एकही पक्षी नसला तरी सर्केरिया सोडतच राहतील, आणि माशांतल्या गाठी तशाच राहतील. वसाहत उठवणं हा गुन्हाही आहे, हे संस्थेला सांगा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार वन्य पक्ष्यांची घरटी आणि अंडी नष्ट करता येत नाहीत.

पण मच्छीमारांचं म्हणणं निव्वळ चूक आहे असं मी म्हणणार नाही. जिथे पक्षी जास्त बसतात तिथल्या गोगलगायींत पर्णकृमी जास्त असतात, हे खरं आहे. यावरचं सगळ्यात नेटकं काम कॅलिफोर्नियाच्या खाऱ्या दलदलींत झालं, विशेषतः कार्पिन्टेरियाच्या खाडीत. केविन लॅफर्टी, आर्मंड कुरिस, रायन हेकिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या चिखलातल्या शिंगाच्या आकाराच्या गोगलगायी वर्षानुवर्षं फोडून पाहिल्या. पक्ष्यांची विविधता जिथे जास्त तिथे जंतांची विविधताही जास्त निघाली. पुढे 2008 मध्ये कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियातल्या तीन खाड्यांमधल्या सजीवांच्या वजनाचा हिशेब प्रसिद्ध झाला. पर्णकृमींच्या पोहणाऱ्या पिल्लांचं वर्षभराचं उत्पादन तिथल्या सगळ्या पक्ष्यांच्या एकत्रित वजनापेक्षा जास्त भरलं! परजीवी म्हणजे निसर्गाच्या कोपऱ्यातली किरकोळ घाण, असं मानणाऱ्यांना तो आकडा पचवायला वेळ लागला.

त्याच दलदलीतली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. यूहॅप्लॉर्किस कॅलिफोर्निएन्सिस नावाचा पर्णकृमी तिथल्या किलीफिश माशाच्या मेंदूवर जाऊन बसतो, एकेका माशात हजारापेक्षा जास्त. लॅफर्टी आणि किमो मॉरिस यांनी 1996 मध्ये दाखवलं, की असे मासे निरोगी माशांच्या चौपट वेळा पृष्ठभागाशी येऊन अंगाला झटके देतात, कूस पालटून चमकतात. बगळ्यांना खुलं ठेवलेल्या कुंपणात असे मासे दहा ते तीस पट जास्त खाल्ले गेले. बगळ्याला जंताचा फारसा त्रास नाही आणि मासा मात्र आयता मिळतो. हा सौदा बगळ्याच्या फायद्याचा की तोट्याचा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. माझा कौल फायद्याच्या बाजूने आहे.

आणि तुमच्या ठरावाच्या संदर्भात सगळ्यात कामाचा निष्कर्ष हा: कार्पिन्टेरियात बिघडलेल्या दलदलीचा एक भाग 1990 च्या दशकात पुन्हा दुरुस्त केला गेला. सुरुवातीला तिथल्या गोगलगायींत जंत कमी होते. पक्षी परतले तसे पुढच्या काही वर्षांत जंतही वाढले आणि शेजारच्या चांगल्या भागाच्या जवळपास पोहोचले. म्हणजे जंतांचं परतणं हीच दुरुस्ती लागू पडल्याची खूण ठरली. तीन-तीन यजमान, म्हणजे ज्यांच्या शरीरात जंत राहतो ते प्राणी, लागणारा जीव तिथेच टिकतो जिथे तिन्ही यजमान टिकून आहेत. तुमच्या तलावात मरळ आहे, गोगलगाय आहे, बगळा आहे. एकही जंत न सापडणारा तलाव मला जास्त संशयास्पद वाटतो.

पक्षी मरतात का? साधारणपणे नाही. प्रौढ पाणपक्ष्याच्या पोटात चार-पाच जातींचे जंत असणं ही रोजची गोष्ट आहे. टिबुकलीच्या आतड्यात तर पट्टकृमींची, म्हणजे फितीसारख्या लांब जंतांची, जत्राच भरलेली असते. तिच्या कुळात सापडणारे काही पट्टकृमी चतुराच्या पाण्यातल्या पिल्लांतून येतात. अमॅबिलिइडी हे पट्टकृमींचं कुटुंब प्रामुख्याने टिबुकलीच्या कुळात आणि रोहित पक्ष्यांत सापडतं. दिसायला या दोन पक्ष्यांचा काडीचा संबंध नाही. पण 2001 पासून जनुकीय अभ्यासांनी दाखवलं, की ते एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत. जंतांना ही सोयरीक आधीपासून ठाऊक होती म्हणायची.

त्रास होतो तो पिल्लांना, उपासमारीत सापडलेल्यांना, किंवा एकदम प्रचंड मात्रा पोटात गेलेल्यांना. उघड्या चोचीचे करकोचे तुमच्याकडेही असतील. त्यांच्या पिल्लांत थायलंडमध्ये कॉनोसेफॅलस फेरॉक्स या पर्णकृमीचा जबर संसर्ग नोंदला गेला आहे. हा जंत आतड्याच्या भिंतीत गाठी करून बसतो, आणि गाठी फार झाल्या तर पिल्लू खंगतं. फिलॉफ्थाल्मस नावाचा दुसरा एक पर्णकृमी पक्ष्याच्या पापणीखाली राहतो, त्याने डोळा लाल होतो, चिकट पाणी येतं. त्याची गोगलगाय म्हणजे मेलॅनॉइडिस, लांबट, टोकदार शंखाची, आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक तलावात चिखलात रुतलेली सापडते. या जंताचं मिरासिडियम पोटात तयार रेडिया घेऊनच जन्माला येतं, त्यामुळे गोगलगायीत त्याची एक पायरी वाचते. इथे माशाची गरजच नाही. सर्केरिया शंखावर किंवा पाणवनस्पतीवर उघड्यावर कोश करते आणि बदक ते चरताना गिळतं.

सामूहिक मृत्यूचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. बिथिनिया टेंटॅक्युलाटा ही युरोपातली गोगलगाय एकोणिसाव्या शतकात तिथल्या महासरोवरांत पोहोचली होती. 2002 पासून मिसिसिपी नदीच्या वरच्या पट्ट्यात तिच्यामुळे स्थलांतर करणारी स्कॉप बदकं आणि तिकडचे वारकरी (कूट) पक्षी मोठ्या संख्येने मरू लागले. एकेका गोगलगायीत स्फेरिडिओट्रेमा आणि सायॅथोकोटाइल या जंतांच्या मेटासर्केरिया खच्चून भरलेल्या असतात. अशा गोगलगायींवर ताव मारलेला पक्षी आठवडाभरातच रक्तस्रावाने मरू शकतो. तिथे बिघाड झाला तो परक्या गोगलगायीमुळे. ती प्रचंड वाढली आणि पक्ष्यांना एकाच ठिकाणी भरमसाट खायला मिळाली. बाहेरून मत्स्यबीज आणताना त्यासोबत गोगलगायी येणार नाहीत याकडे मी तुम्हाला लक्ष द्यायला सांगेन ते याच कारणासाठी.

खाजेकडे येऊ. पाण्यात उतरल्यावर काही वेळातच चुणचुण, मग लाल पुरळ आणि दोन-चार दिवस असह्य खाज, असं असेल तर ती सर्केरियांची खाज असण्याची बरीच शक्यता आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. कॉर्ट यांनी 1928 मध्ये मिशिगनच्या एका तळ्यावर तिचं कारण शोधलं. बदकांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या ट्रायकोबिलहार्झिया जातीच्या पर्णकृमींची पिल्लं चुकून माणसाच्या कातडीत शिरतात. तिथे ती पुढे वाढू शकत नाहीत, मरतात, आणि शरीराची प्रतिक्रिया म्हणून पुरळ उठतं. या जंतांना मासा लागत नाही. गोगलगायीतून निघून ती थेट बदकाच्या त्वचेतून आत जातात. त्यातला ट्रायकोबिलहार्झिया रेगेन्टी तर रक्तातून न जाता मज्जातंतू आणि पाठीच्या कण्यातून बदकाच्या नाकापर्यंत प्रवास करतो.

पण तुमच्या भागात सगळा ठपका बदकांवर ठेवायची घाई करू नका. आपल्याकडे म्हशी-गाईंच्या रक्तातले पर्णकृमी, विशेषतः शिस्टोसोमा स्पिन्डेल, अशीच खाज आणतात. त्यांची गोगलगाय म्हणजे चपट्या वेटोळ्याची इंडोप्लॅनॉर्बिस. धानाच्या बांध्यांत आणि गुरं डुंबतात त्या काठांवर ती मुबलक असते. ज्या काठाला म्हशी बसतात त्याच काठाला खाज जास्त येते का, एवढं पाहा. तसं असेल तर आधी पशुवैद्यकाकडून जनावरांचं शेण तपासून घ्या. माणसांत पूर्ण वाढणारा रक्तातला पर्णकृमी भारतात अगदी क्वचित आढळला आहे. त्यातलं सर्वात गाजलेलं ठिकाण रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी, 1950 च्या दशकात नोंदलेलं. तुमच्या शिंगाडेवाल्यांना त्याची भीती दाखवायचं कारण नाही. गमबूट, पाण्यातून आल्याबरोबर अंग कोरडं पुसणं आणि उन्हं चढायच्या आधी काम उरकणं, एवढ्याने त्रास बराच कमी होतो. अनेक जातींच्या सर्केरिया उजेड वाढल्यावर गोगलगायीबाहेर पडतात.

मासे खा, पण नीट शिजवून. गाठी काढून टाका, मग रस्सा करा नाहीतर तळा. शिजलेला जंत अपाय करत नाही, फक्त किळस वाटते. अर्धवट भाजलेली किंवा मीठ लावून नुसती उन्हात ठेवलेली मरळ टाळा. गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाल्ल्यामुळे जपान आणि कोरियात क्लायनोस्टोमम माणसाच्या घशात चिकटल्याच्या नोंदी आहेत. घसा खवखवतो, गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आणि डॉक्टर चिमट्याने जिवंत जंत काढतात. बाजारात मात्र गाठी असलेला मासा गिऱ्हाईक घेणार नाही. हे नुकसान खरं आहे आणि त्यावर उपाय शोधायला हवा.

तो उपाय तलावाच्या काठाशी आहे. पीटर जॉन्सन यांनी अमेरिकेत रिबेरोइया या पर्णकृमीवर काम केलं. हा जंत बगळ्यांसारख्या पक्ष्यांत वाढतो, आणि त्याच्या सर्केरिया बेडकांच्या डिंभकांत (शेपटीच्या पिल्लांत) शिरल्या की बेडकांना जास्तीचे किंवा वाकडे पाय फुटतात. 2007 मध्ये त्यांनी प्रयोगातून दाखवलं, की पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढवले की शेवाळ वाढतं, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी वाढतात, आणि प्रत्येक गोगलगायीतून निघणाऱ्या सर्केरियाही वाढतात. मामा तलावांत धानाच्या शेतांतला युरिया वाहून येतो, मत्स्यवाढीसाठी शेण टाकलं जातं, बेशरमीची आणि जलपर्णीची रानं माजतात. गोगलगायींना याहून चांगलं काय हवं? ठराव मांडायचाच असेल तर काठाची वनस्पती निम्मी तरी काढण्याचा, शेणखताची मात्रा कमी करण्याचा आणि शेतातल्या पाण्याचा लोंढा थेट तलावात न सोडण्याचा मांडा. उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा उघडा पडलेला काठ दोन-तीन आठवडे कडक वाळू द्या. फुफ्फुसाने श्वास घेणाऱ्या चपट्या आणि लिम्निया जातीच्या गोगलगायी त्यात बऱ्याच मरतात, सगळ्या नाही. संगोपनाचे छोटे हौद किंवा रोपतळी असतील तर ती पूर्ण रिकामी करून चुना टाका, तिथे हे नक्की जमतं. मोरचूद किंवा कीटकनाशक ओतून गोगलगायी मारायचा विचार सोडा. त्याने मासेही मरतील आणि ज्या बगळ्यांवर राग आहे तेही. रानपक्ष्यांना जंतनाशक द्यावं का, असंही लोक विचारतात. त्याला अर्थ नाही. उद्या ते पुन्हा तोच मासा खाणार आहेत.

मेलेला पक्षी सापडला तर हात लावू नका आणि उघडून बघायच्या फंदात पडू नका. पाणपक्ष्यांच्या मृत्यूमागे जंतांपेक्षा बर्ड फ्लू, बोट्युलिझम (जिवाणूच्या विषाने होणारा रोग) आणि इतर विषबाधा ही कारणं कितीतरी अधिक वेळा असतात. भारतातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू 2006 मध्ये आपल्याच नवापूरला सापडला, हे विसरू नका. वनविभाग आणि पशुसंवर्धन विभाग, दोघांनाही कळवा.

गोगलगायी मात्र तुम्ही स्वतः तपासू शकता. रबरी हातमोजे घालून वेगवेगळ्या काठांवरून गोळा करा, एकेक गोगलगाय काचेच्या छोट्या ग्लासात विहिरीच्या स्वच्छ पाण्यात ठेवा आणि दोन-तीन तास सकाळच्या उन्हात राहू द्या. मग ग्लासामागे काळं कापड धरून भिंगातून बघा. पाण्यात उसळ्या मारणारे किंवा एका जागी लटकून राहणारे पांढरे ठिपके दिसले तर त्या सर्केरिया. त्या पाण्यात बोट घालू नका, नंतर उकळून टाका. कोणत्या काठावरच्या किती गोगलगायींतून निघाल्या हे लिहून ठेवलंत तर वनस्पती आधी कुठली काढायची ते आपोआप ठरेल.

जंत ओळखण्यासाठी पाठवायचे असतील तर गाठीतून अलगद बाहेर काढा, वाफाळत्या पाण्यात टाका म्हणजे ते आकसून न जाता सरळ मरतील, आणि मग स्पिरिटमध्ये ठेवा. जिवंत जंत थेट स्पिरिटमध्ये टाकला तर तो वेटोळं करतो आणि कोणालाच ओळखता येत नाही. कुपीत माशाची जात, तारीख आणि तलावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी टाका, पण पेन्सिलीने लिहिलेली. पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते.